टीसी अडवून पोरांचा सीझन खाऊ नका

गेल्या वर्षी जुलैमध्ये आम्ही इंदूरच्या रामबागेतली जुनी जागा सोडली आणि राऊला राहायला गेलो. कारण अगदी साधं, ह्यांची नोकरी पीथमपूरला, रोजच्या जाण्या-येण्यात जीव निघायचा, आणि सासूबाईंना तिसऱ्या मजल्याचे जिने आता होत नव्हते. लेक तेव्हा आठवीत होती. राऊहून सकाळी सातच्या शाळेला पोचायचं तर पोरीला पाचला उठवा, दोन गाड्या बदला, ते रोजचं जमणारं नव्हतं, म्हणून शाळा बदलली. एवढंच झालं. पण लेक खो-खो खेळते, आणि खेळणाऱ्या पोरीनं शाळा बदलणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं.

जुन्या शाळेत टीसीचा, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज दिला तर ऑफिसातले बाबू म्हणाले प्रिन्सिपल मॅडमना भेटा. मॅडम म्हणाल्या, "अहो पुढच्या महिन्यात जिल्हा स्पर्धा आहे, सगळी टीम तिच्यावर उभी आहे, एवढं होऊन जाऊ द्या मग आरामात टीसी घेऊन जा." मी म्हटलं मॅडम घर शिफ्ट झालंय, ती येणार कशी, तर म्हणाल्या तेवढे दिवस आणून सोडा ना. मग फी बाकी आहे असं निघालं, ती भरली, मग लायब्ररीचं पुस्तक निघालं, ते दिलं, मग सहीवाले सुट्टीवर. आणि नुसता कागद असून पण चालत नाही आता, पोराचा पेन नंबर, म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक, सरकारच्या यूडायस पोर्टलवर जुन्या शाळेनं सोडावा लागतो, ड्रॉप बॉक्समध्ये टाकावा लागतो, तेव्हा कुठे नवी शाळा त्याला आपल्या यादीत ओढू शकते. ते पण अडकलं. नव्या शाळेनं पोरीला वर्गात बसवून घेतलं, ते चांगले लोक आहेत, पण स्पर्धेच्या पात्रता फॉर्मवर सही मागितली तर म्हणाले कागदावर ती अजून आमची नाही, उद्या कुणी आक्षेप घेतला तर सगळी टीम बाद होईल. ते पण खरंच होतं. टीसी हातात आली सप्टेंबरमध्ये. जिल्हा झालं होतं, संभाग, म्हणजे विभागीय स्पर्धा, ती पण झाली होती. लेक ह्या शाळेकडून पण नाही खेळली आणि त्या शाळेकडून पण नाही.

खो-खो खेळणाऱ्या पोरींचे गुडघे तुम्ही पाहिलेत का कधी? पोलवर डाइव्ह मारून मारून कायम खरचटलेले असतात, एक खपली सुटायच्या आत दुसरी धरते. चौथीपासून मी तिचे गुडघे तसेच बघत आलेय. त्या ऑगस्टमध्ये सगळ्या खपल्या सुटून गेल्या आणि खाली नवी गुळगुळीत कातडी आली. एक दिवस तेल लावताना ते माझ्या हाताला लागलं आणि मला रडूच कोसळलं. ती काही बोलली नाही, पाय ओढून घेतला फक्त.

म्हणून हे लिहायला बसले. माझं म्हणणं एकच आहे, शाळा बदलल्याची शिक्षा पोराला नको. मोठ्या माणसांच्या भांडणात, शाळाशाळांच्या ओढाताणीत जे काही नियम लावायचे ते शाळेला लावा, पोराला मैदानाबाहेर बसवू नका.

लोक म्हणतात काय झालं एक सीझन गेला तर, पुढच्या वर्षी खेळेल. ज्यांच्या घरात पोर खेळत नाही तेच असं म्हणतात. शालेय खेळांचे गट आहेत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. १४ च्या गटात पोर जिल्ह्याच्या टीममध्ये यायला लागतं सहावी-सातवीत, म्हणजे हातात येतात दोन, फार तर तीन सीझन. त्यातला एक गेला म्हणजे निदान तिसरा हिस्सा गेला. आणि पुढच्या वर्षी ती १७ च्या गटात जाते, तिथे समोर सोळा वर्षांच्या पोरी, उंचीत हातभर फरक, तिथे तिला परत तळापासून सुरुवात. कोविडमध्ये आपण हे बघितलंच की, राष्ट्रीय शालेय स्पर्धा बंद पडल्या त्या पडल्याच, ६६ व्या स्पर्धा कुठे जाऊन जून २०२३ मध्ये भोपाळ, ग्वाल्हेर आणि दिल्लीत झाल्या, आणि मधल्या काळात ज्यांचं वय निघून गेलं त्यांना ते कोणी परत दिलं नाही. तेव्हा निदान कारण तरी असं होतं की कुणाचाच इलाज नव्हता. टीसीवर एक सही न करणं हे काय कारण झालं?

आणि हे नुसतं हौसेचं पण नाहीये. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्याच्या भरतीत, राज्याच्या शालेय टीमकडून राष्ट्रीय शालेय स्पर्धेत खेळलेला खेळाडू पात्र धरला जातो, १९८० सालच्या आदेशापासून हे चालत आलंय. रेल्वेत, पोस्टात, इन्कम टॅक्समध्ये क्रीडा कोट्यातून लागलेली किती पोरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात. ज्या घरात कोचिंगच्या फिया भरायची ताकद नाही त्या घरासाठी तो सर्टिफिकेटचा कागद म्हणजे उद्याची भाकरी असू शकते. त्या कागदाची पहिली पायरी म्हणजे विकासखंड (तालुका) आणि जिल्हा. तिथेच अडवलं की वरचं सगळं आपोआप बंद.

आता दुसरी बाजू पण सांगते, कारण ती खोटी नाही आणि मी ती डोळ्यांनी बघितलीय. लेकीच्या जुन्या शाळेतले खेळाचे सर. मॅडमवर माझा राग आहे पण सरांवर नाही. हा माणूस सकाळी साडेपाचला मैदानात असतो, आखायला फक्की स्वतःच्या पैशानं आणतो, पोरींना चणे-गूळ खिशातून देतो, आणि शाळेकडून मिळतं काय तर २६ जानेवारीला एक श्रीफळ. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या टीमच्या तीन पोरी एका मोठ्या शाळेनं उचलल्या, फी माफ, बस फुकट, दोन ट्रॅकसूट. खो-खोमध्ये आठजणी बसतात आणि नववी धावते, त्यांची खो देण्याची लय वर्षानुवर्षं एकत्र घासून बसलेली असते, कोण कुठल्या चौकात बसणार, पोल कोण घेणार, सगळं ठरलेलं. त्यातल्या तिघी काढल्या की नुसत्या तिघी जात नाहीत, अख्खी साखळी तुटते. त्या वर्षी सरांची टीम पहिल्याच फेरीत गेली. बाराच्या टीममधल्या राहिलेल्या नऊ पोरींचा पण सीझन गेलाच ना? त्यांचं कोण बोलणार?

म्हणून जेव्हा लोक म्हणतात की नियम कडक हवेत, शाळा बदलली की वर्षभर खेळू देऊ नका, तेव्हा त्यांची भीती मला समजते. आणि नुसती पोरं पळवण्याचीच गोष्ट नाही, डमी प्रवेश पण आहेत. पोरगा शिकतो एकीकडे, नाव दुसरीकडे, स्पर्धेच्या आठवड्यात ड्रेस घालून येतो आणि ट्रॉफी देऊन जातो. चिमणबागेच्या मैदानाच्या कडेला एक तास उभे राहा, पालकांच्या बोलण्यात अशी दोन-चार नावं कानावर पडतीलच. हे थांबायलाच पाहिजे, ह्यात काही दुमत नाही.

पण बघा ना, हे सगळे सौदे करतं कोण? शाळेचे मालक, कोच, कधी कधी बाप. आणि सापडलं की बंदी कोणावर येते? तेरा वर्षांच्या पोरावर. ज्या शाळेनं बोलावलं ती पुढच्या वर्षी दुसरी तीन पोरं आणते. नियम कडक करून आपण चोर सोडतो आणि ज्याची चोरी झाली त्यालाच कोंडतो.

वयाच्या खोटेपणाचं पण हेच आहे. बरेच लोक म्हणतात शाळा बदलताना जन्मतारीख बदलतात, म्हणून टीसीवाल्या पोरांना संशयानंच बघावं लागतं. बदलतात, हे खरं आहे. पण मग जन्मतारीख टीसीवरून घेता कशाला, नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावरून घ्या आणि तो दाखला कोणत्या साली काढलाय ते बघा. क्रिकेट बोर्ड लहान गटातल्या मुलांच्या मनगटाचा एक्सरे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं हाडांचं वय बघतं. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाची वयचोरीविरुद्धची संहिता २०१० पासून आहे. म्हणजे वय तपासायला वेगळी सोय आहे, त्यासाठी शाळा बदलणाऱ्या प्रत्येक पोराला उंबरठ्यावर उभं करायची गरज नाही. राहुल द्रविड, जो जन्मानं आपल्या इंदूरचाच, त्यानं २०१५ च्या पतौडी व्याख्यानात वयचोरीवर फार कळकळीनं बोलून ठेवलंय, त्यात मला जे सगळ्यात भिडलं ते हे की आई-बाप आणि कोचच खोटा दाखला बनवतात हे ज्या पोराला दिसतं ते पोर शिकणार काय. बघा, तिथे पण सुरुवात मोठ्यांपासूनच होते. दाखल्यावर सही करणारा मात्र कधीच मैदानाबाहेर बसत नाही.

आणि आपण इंदूरचे लोक कोणत्या तोंडानं म्हणतो की बाहेरून आलेल्यानं खेळू नये? होळकरांची टीम आठवा. चार वेळा रणजी जिंकलेली टीम, आमचे आजोबा तिचं नाव निघालं की जेवण थांबवून बोलायचे. सी. के. नायडू कुठले, नागपूरचे, होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इथे आले आणि इंदूरचे झाले. १९४४-४५ च्या फायनलला मुंबईविरुद्ध होळकरांकडून नाबाद २४९ कोणी केले, तर महूच्या छावणीत ड्यूटीवर असलेल्या डेनिस कॉम्पटननं, जो इंग्लंडचा टेस्ट प्लेयर. मुश्ताक अली इथले आणि कॉम्पटन तिथला, दोघांनी एकाच डावात शतकं केली, आपण दोघांनाही आपलंच म्हटलं. आणि त्याही पेक्षा जवळचं उदाहरण नरेंद्र हिरवाणी. गोरखपूरचा पोरगा, क्रिकेट शिकायला घर सोडून इंदूरला आला, नेहरू स्टेडियममधल्या एका छोट्या खोलीत राहिला, संजय जगदाळ्यांनी त्याला घडवलं, आणि जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच टेस्टमध्ये १३६ धावांत १६ विकेट घेतल्या. त्या पोराला आल्या-आल्या कुणी सांगितलं असतं की तू दुसऱ्या राज्यातून आलास, कागद नीट नाहीत, एक वर्ष बस, तर तो बसला असता का परत गेला असता कोण जाणे.

सरकार स्वतः काय करतं ते पण बघा. ग्वाल्हेरची महिला हॉकी अकॅडमी २००६ पासून चालू आहे, पोरी गावोगावहून निवडून आणतात, हॉस्टेलमध्ये ठेवतात, शाळा बदलतातच त्यांच्या. ते चांगलंच आहे, मी त्याच्या विरुद्ध अजिबात नाही. पण सरकारनं नेलं तर ती प्रतिभेची निवड आणि आई-बापानं घर बदललं म्हणून नेलं तर संशय, हा न्याय मला पटत नाही.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं, आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. त्यात स्पष्ट लिहिलंय की मूल कोणत्याही कारणानं दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकानं टीसी लगेच द्यायची, उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई, आणि टीसी यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. वाचून जीव भांड्यात पडला, पण मग नीट वाचलं. हे फक्त आठवीपर्यंत. आणि बदलीचा हा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळेत जाण्यापुरता, विनाअनुदानित खाजगी शाळेत जायचं असेल तर तो लागू नाही. म्हणजे खाजगी शाळेत गेलेली माझ्या लेकीसारखी पोर त्यातून वगळलीच गेली, आणि १७ आणि १९ च्या गटातली जवळजवळ सगळीच पोरं, जी नववी ते बारावीत असतात, त्यांना तर हे छत्रच नाही. जिथे खेळ खरा रंगात येतो तिथेच पोर उघड्यावर. वरून राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्यांच्या टीमसोबत सीबीएसई, केंद्रीय विद्यालय, नवोदय, विद्या भारती ह्यांच्या वेगळ्या टीम उतरतात, त्यामुळे एमपी बोर्डाची शाळा सोडून सीबीएसईत गेलेल्या पोराची सगळी वाटच बदलते, कुठल्या ऑफिसात विचारायचं इथपासून.

जगात सगळीकडे हा झगडा आहे. अमेरिकेत हायस्कूलचे खेळ म्हणजे फार मोठी गोष्ट, तिथे बऱ्याच राज्यांत नियम असा की घर खरंच बदललं असेल तर पोर लगेच खेळू शकतं, नुसतीच शाळा बदलली असेल तर काही काळ, कुठे कुठे वर्षभर बाहेर. फ्लोरिडानं २०१६ मध्ये कायदा करून ही वाट मोकळी केली, तर आता तिथले कोच म्हणतात मोठ्या शाळा सगळं ओढून नेतात. म्हणजे दोन्हीकडून त्रास आहे, हे मान्यच. फुटबॉलमध्ये फिफानं १८ वर्षांखालच्या पोरांना एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात नेण्यावर बंदी घातलीय, पण पहिलीच सूट कोणती, तर आई-बाप फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं राहायला गेले असतील तर पोर खेळेल. आणि मला त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे, तो खेळाडू पुढे मोठ्या पैशात करार असताना एका क्लबातून दुसऱ्यात विकला गेला तर त्या रकमेतले ५ टक्के, त्याला १२ ते २३ वयात ज्या ज्या क्लबांनी घडवलं, त्यांच्यात वाटले जातात. घडवणाऱ्याचा हक्क मानला, पण त्यासाठी पोराला अडवलं नाही. नेमकं हेच मला आपल्या सरांसाठी पाहिजे.

आपल्याकडे पैसा नाही हे माहीत आहे मला, पण मान तर देता येईल? पोर राज्याला किंवा राष्ट्रीयला गेलं की सर्टिफिकेटवर आधीच्या शाळेचं आणि तिथल्या खेळशिक्षकाचं नाव पण छापा. शाळेला जे गुण, जी ट्रॉफी मिळते त्यात पहिल्या दोन वर्षांचा अर्धा हिस्सा जुन्या शाळेला द्या. सरांच्या सर्व्हिस बुकात नोंद घ्या. मग टीसी अडवून ठेवायची गरजच काय उरेल, उलट सर स्वतः म्हणतील जा बेटा.

आणि पळवापळवीवर लगाम लावायचा तर असा लावा की एका शाळेच्या बाराच्या टीममध्ये त्या वर्षी आलेल्या दोनपेक्षा जास्त खेळाडू नकोत. तिसरी मग बसेल, हे मला कळतं, आणि ते मला टोचतं पण. पण जागाच दोन असतील तर शाळा तिसरीला ट्रॅकसूट दाखवून आणणारच नाही, आणि ज्यांचं घर खरोखर बदललंय त्यांना ह्या दोनात मोजूच नये, भाडेकरार, लाइटबिल, वडिलांचं बदलीपत्र, एवढं पुरे. डमी प्रवेश सापडला तर त्या शाळेची त्या खेळातली एंट्री दोन वर्षं बंद करा आणि पोराला त्याच्या खऱ्या शाळेकडून खेळू द्या. टीसीला सात दिवस. सात दिवसांत दिली नाही तर अर्जाची पोच आणि नव्या शाळेच्या प्रवेशाचा दाखला ह्यावर पात्रता धरा, पोर्टलचं मागून होत राहील.

आक्षेप कोण ऐकतं हा पण मोठा प्रश्न आहे. स्पर्धेच्या टेबलावर आक्षेप ऐकायला बसलेल्यांपैकी एकाची टीम त्याच दिवशी मैदानात असते, हे मी स्वतः बघितलंय. तो माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्याकडून ही अपेक्षा करणंच चूक आहे. ज्यांची टीम खेळत नाही असे तिघे बसवा, निर्णय स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत लेखी द्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कोणीच कबूल करत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला, कॅप्टन प्रियांका इंगळे. आम्ही तेव्हा रामबागेतच होतो, लेक टीव्हीसमोर जमिनीवर बसून बघत होती, आणि बसली होती ती पण चौकातली बैठक घेऊन, एक पाय पुढे, हात जमिनीला टेकलेले, खो मिळाला की उठायच्या तयारीत. असं बसून दुखत नाही का विचारलं तर म्हणाली असंच बसायचं असतं आई. त्यानंतर सहाच महिन्यांनी तिचा सीझन कपाटातल्या फाइलमध्ये अडकून पडला.

आता ती १७ च्या गटात आहे. नव्या शाळेत त्या गटाची खो-खोची टीम नव्हतीच, तिनं आणि अजून चौघींनी मिळून सुरू केलीय, खुंट आमच्या ह्यांनी पीथमपूरच्या एका वखारीतून घासून आणले. जुने सर एका रविवारी राऊला आले होते, पोल घेताना खांदा कसा वळवायचा ते दाखवून गेले, चहा पण घेतला नाही.

आणि परवा सुदामानगरच्या एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. त्यांचा नातू कबड्डी खेळतो, दहावीत आहे, त्याची टीसी तीन आठवडे झाले अडकलीय, जिल्हा तोंडावर आलंय. मी त्यांना सांगितलं, काकू तोंडी काही बोलू नका, अर्ज दोन प्रतींत लिहा, दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या, एक प्रत जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात आवक नंबर टाकून द्या. त्या म्हणाल्या मला एकटीला तिथे कोणी उभं करणार नाही गं. सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत, मी सुट्टी टाकलीय.